नवा सूर बसवला तरी पेटी बेसूर का वाजते?

मागच्या आषाढीच्या आधी आमच्या भजनी मंडळाच्या पेटीची काळी ४, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, गेली. गेली म्हणजे आतली पत्ती मुळाशी तडकली होती, दोन दिवस तिचा आवाज हळूहळू खाली उतरत होता आणि आम्ही आपलं "पावसाने झालं असेल" म्हणत वाजवत होतो, मग एका अभंगात मधेच ती गप्प झाली ती झालीच. आमच्याकडे सगळे काळी १ मध्ये गातात, म्हणजे काळी ४ हा पंचम, आणि पंचम नसलेली पेटी घेऊन एकादशी कशी काढणार. एकादशीच्या तोंडावर कुठलाही पेटीवाला हातातलं काम सोडून येत नाही, त्यामुळे मीच बाजारातून नवा सूर आणला, बसवला, मोबाईलवरच्या ट्यूनर अ‍ॅपवर बघून बरोब्बर शून्यावर, म्हणजे ना चढा ना उतरलेला असा, आणला आणि संध्याकाळी ऐटीत भजनाला बसलो. पहिल्याच ओळीला पंचम खाली. चांगलाच खाली. गाणाऱ्या अण्णांनी डोळे उघडून एकदाच माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले.

अ‍ॅपवर शून्य आणि कानाला बेसूर, हे कसं काय? त्याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा मिळालं, मधल्या काळात मी एक चांगला सूर घासून घासून वायाही घालवला, म्हणून म्हटलं जे कळलं ते साध्या भाषेत लिहून ठेवावं. पेटीचं लिहितोय, पण अ‍ॅकॉर्डियनलाही यातलं बरंचसं लागू आहे, फरक आहे तो शेवटी सांगतो.

आधी एक शब्दांचा घोळ. पेटीवाले आतल्या पितळी तुकड्यालाच ‘सूर’ म्हणतात आणि त्यातून जो निघतो तोही सूरच. मी इथे अख्ख्या तुकड्याला सूर म्हणतो, त्यातल्या हलणाऱ्या जिभेला पत्ती आणि ती जिच्यावर रिव्हेटने ठोकलेली असते तिला प्लेट. प्लेटला लांबट खाच असते, पत्ती त्या खाचेत जेमतेम मावेल एवढी, कडांना न घासता आरपार जाऊ शकेल अशी. भात्याची हवा आली की पत्ती खाचेत ढकलली जाते, स्वतःच्या ताणाने परत येते, परत ढकलली जाते, आणि प्रत्येक फेरीला हवेचा एक झोत सुटतो. पांढरी ६ ला हे सेकंदाला साधारण ४४० वेळा होतं.

आता शाळेतली फूटपट्टी आठवा, टेबलाच्या कडेवर दाबून धरून टण् करायचो ती. जास्त बाहेर काढली की हळू हलते, कमी काढली की भरभर. पत्तीचंही तेच, लांबी दुप्पट झाली तर सूर तब्बल दोन सप्तकं खाली जातो, म्हणून खर्जाच्या पत्त्या लांब आणि तारातल्या एवढ्याशा. आपल्याला लांबी बदलता येत नाही, म्हणून घासायचं. टोकाकडून धातू काढला तर टोक हलकं होतं आणि सूर चढतो, मुळाकडून काढला तर पत्ती मऊ पडते आणि सूर उतरतो. आमची तडकलेली पत्ती दोन दिवस खाली का जात होती तेही यातच आलं, मुळाशी चीर गेली म्हणजे तिचा ताठपणाच गेला. तेव्हा एखादा सूर रोज थोडा थोडा उतरतोय असं दिसलं तर वर चढवत बसू नका, ती पत्ती मरायला टेकलेली असते.

एवढं कळलं की माणसाला वाटतं झालं, कानस घ्या आणि लागा कामाला. मलाही तसंच वाटलं आणि इथेच सगळे चुकतात असं माझं मत आहे, कारण दुरुस्तीनंतर पेटी बेसूर वाजली तर निम्म्याहून जास्त वेळा दोष पत्तीच्या धातूत नसतोच. आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

म्हणून आधी नुसतं ऐकायचं, आणि बिघाड कुठे कुठे आहे ते बघायचं. एकच पट्टी बेसूर असेल तर तो सूर किंवा त्याचं बसणं. शेजारच्या तीनचार पट्ट्या मिळून खाली वाटत असतील तर सूर सोडा, त्या पट्ट्यांखालच्या झडपा, म्हणजे पट्टी दाबली की उघडून हवेला वाट देणारी झाकणं, बघा किंवा सूर जिच्यावर बसवतात ती फळी तिथे वाकलीय का ते बघा. दोनतीन पट्ट्या एकदम दाबल्यावरच सूर ढेपाळत असेल तर हवा कुठेतरी गळतेय. न दाबता एखादी पट्टी वाजतच राहिली तर तिची झडप नीट मिटत नाहीये, चामड्याखाली कचरा असेल किंवा स्प्रिंग ढिली पडली असेल. आणि एक पट्टी दाबल्यावर शेजारचीही बारीक कुईकुई करत असेल तर दोन कप्प्यांमधून हवा पाझरतेय.

झडपेचं जरा सविस्तर सांगतो कारण हे कोणाच्या लक्षात येत नाही. पेटी वाजवताना कुठलीही एक पट्टी अगदी सावकाश, अर्धवट दाबून बघा, आवाज बारीक येतो आणि सूरही किंचित खाली असतो, पूर्ण दाबली की वर सरकून जागेवर येतो. म्हणजे झडप किती उघडते त्यावर सूर ठरतो. आता दुरुस्तीत कोणी जुनं झिजलेलं चामडं काढून नवं जाडजूड लावलं, किंवा पट्टीखाली जास्तीचं फेल्ट घातलं, तर झडप पहिल्यासारखी उघडतच नाही आणि ती पट्टी कायम अर्धी दाबल्यासारखी वाजते. सूर खाली आणि दमलेला. तिथे तुम्ही पत्ती घासून वर आणलीत आणि पुढे वर्षभरात चामडं दबलं की तोच सूर चढा वाजणार.

झडप ठीक आहे, गळती नाही, तर मग फळी उघडून सुराचं बसणं बघायचं. प्रत्येक सूर दोन बारीक स्क्रूंनी लाकडी फळीवर बसवलेला असतो. स्क्रू ढिला असेल तर प्लेट स्वतःच थरथरते, सूर स्थिर राहत नाही, आज एक आणि उद्या दुसरं, वर एक झर्र असा आवाज. माझा नवा सूर असाच वाजत होता, जुनं भोक मोठं झालेलं, स्क्रू फिरतोय पण धरत नाही. काडेपेटीच्या काडीचा तुकडा सरसात बुडवून भोकात घातला, वाळू दिला आणि मग स्क्रू घातला, धरला. उलट स्क्रू फार आवळला तर पितळी प्लेट बारीकशी वाकते, खाच अरुंद होते आणि पत्ती कडेला घासायला लागते. त्याचा आवाज ओळखू येतो, मोठा भाता मारला की चर्र करतो, हळू मारला की नाही.

पत्ती घासतेय की तिच्यात काही अडकलंय हे बघायला पातळ कागदाचा, मी बसचं जुनं तिकीट वापरतो, कपटा पत्तीखालून सरकवायचा आणि दोन्ही कडांवरून हळूच ओढायचा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, विश्वास ठेवा. एक केस, पत्तीवरचा धूळकण, अगरबत्तीच्या राखेचा कण, देवळातल्या पेट्यांमध्ये तर बुक्का आणि गुलालही निघतो. टोकावर धूळ चिकटली की टोक जड होतं आणि सूर उतरतो, म्हणजे मऊ ब्रशने झटकल्यावर सूर आपोआप चढतो, घासायची गरजच नाही. तेल मात्र कधी सोडू नका, शिलाई मशीनचं तर नाहीच, तेलावर धूळ बसून महिनाभरात त्याचा चिखल होतो. आणि बोटं लावायची नाहीत, घामाने पितळेला कळंक चढतो आणि कोकणातल्या हवेत तर आठवड्यात हिरवं दिसायला लागतं.

मग पत्तीची उचल. वाजत नसताना पत्तीचं टोक प्लेटच्या किंचित वर असायला हवं, अंदाजे टोकाच्या जाडीएवढं. उचल जास्त असेल तर नुसतीच हवा सुसू करते आणि सूर उशिरा लागतो, कमी असेल तर हळू भात्याला छान वाजतो आणि जोरात मारला की गळा दाबल्यासारखा गप्प. उचल बदलली की सूरही थोडा हलतो, म्हणून उचल आधी, ट्युनिंग नंतर. मी उलट केलं होतं. मस्त मिळवलेला सूर, मग वाटलं जरा उशिरा लागतोय, म्हणून टोक दाबलं आणि मिळवलेलं सगळं गेलं.

आता खरोखर सूर मिळवायचा आहे असं ठरलं तर पहिला प्रश्न, कोणता सूर? पेटीत एका पट्टीला बहुधा दोन सूर असतात, एक खर्ज म्हणजे खालच्या सप्तकाचा आणि एक नर म्हणजे मधल्या, मोठ्या पेटीत मादीही असते, वरच्या सप्तकाची. दोन्ही एकत्र वाजत असताना कोण चुकतोय ते कळत नाही. त्यासाठी परत तो कागदाचा कपटा, एका पत्तीखाली सरकवून ठेवला की ती गप्प आणि दुसरी एकटी वाजते. दोन्ही एकत्र वाजवल्यावर जे वॉव्ह वॉव्ह ऐकू येतं, लाटा म्हणू, ते दोन सुरांमधलं अंतर. एक ४४० आणि दुसरा ४४२ असेल तर सेकंदाला बरोब्बर दोन लाटा. लाटा जितक्या संथ तितके सूर जवळ, लाट थांबली की मिळाले. खर्ज आणि नर एका सप्तकाच्या अंतरावर असले तरी लाटा येतात, कारण खर्जाच्या आवाजातच वरच्या सप्तकाचा सूर दडलेला असतो. हे ऐकताना खोलीतला पंखा बंद ठेवा. खरंच सांगतो, पंख्याच्या पात्यांमुळेही आवाज असाच हलतो आणि मी एकदा अर्धा तास पंख्याशी पेटी जुळवत बसलो होतो.

लाटांची अडचण अशी की अंतर कळतं, दिशा कळत नाही. तो खाली आहे की वर? इथे मला एका जुन्या कारागीर काकांनी दाखवलेली युक्ती फार आवडते. मेणाचा कण घ्यायचा, मोहरीच्याही निम्मा, आणि संशय असलेल्या पत्तीच्या टोकावर काडीने टेकवायचा. टोक जड झालं म्हणजे सूर थोडा उतरणारच. मग पेटी बंद करून वाजवायचं. लाटा संथ झाल्या तर ती पत्ती चढी होती, लाटा वाढल्या तर आधीच उतरलेली होती. मेण काढून टाकलं की पत्ती जशीच्या तशी, काहीही गमावलं नाही. काका हे करताना बोलत नव्हते, भाता एका लयीत आणि डोळे छताकडे, ओठांवर लाटा मोजत होते, एक दोन, एक दोन. तारातल्या छोट्या पत्त्यांना मात्र एवढंसं मेणही फार होतं, तिथे अ‍ॅपच बरं.

घासायची वेळ आलीच तर पत्तीखाली ब्लेडसारखा पातळ पत्रा सरकवून तिला आधार द्यायचा, नाहीतर ती खाचेत वाकते आणि उचल बिघडते. लांबीच्या दिशेने घासायचं, आडवं कधीच नाही, आडव्या ओरखड्यातून पुढे चीर जाते. दोनतीन हलके हात मारायचे, ब्रशने कीस झटकायचा, पेटी बंद करायची, वाजवायची. हो, दर वेळी बंद करायची. सूर फळीच्या आतल्या बाजूला, हवेच्या कप्प्यात असतात, उघड्या पेटीत ते वाजतच नाहीत, आणि बाहेर काढून टेस्टिंगच्या भात्यावर मिळवलेला सूर पेटीत बसवल्यावर वेगळाच लागतो, कारण कप्पा वेगळा, झडप वेगळी, हवेचा जोर वेगळा. जोरावरून आठवलं, जास्त जोराने भाता मारला की सूर किंचित उतरतो, खर्जात तर स्पष्ट कळतं, तेव्हा मिळवताना भाता नेहमी वाजवता तसाच, एका दमाचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थांबायचं. घासताना पत्ती गरम होते, गरम पितळ किंचित मऊ म्हणून सूर खाली दिसतो, तुम्ही अजून घासून वर आणता आणि थंड झाल्यावर तो चढा निघतो. शिवाय घासलेली किंवा वाकवलेली पत्ती पुढचे काही दिवस वाजता वाजता हलत राहते. मी जो सूर वाया घालवला तो याच घाईत. वर गेला म्हणून मुळाशी घासला, मग खाली गेला म्हणून टोकाशी, परत वर म्हणून परत मुळाशी, एका संध्याकाळी पाचसहा वेळा. शेवटी तो सुरात आला खरा, पण कागदासारखा पातळ होऊन, आवाज बारीक आणि जरा जोर लावला की घसरणारा. आता मी मुद्दाम दोनचार सेंट बाकी ठेवतो, रात्रभर पेटी बंद ठेवतो आणि सकाळी उरलेलं बघतो. सेंट म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.

आता त्या पंचमाकडे येतो. सूर घट्ट बसला होता, उचल ठीक, अ‍ॅपवर शून्य, तरी खाली. काकांनी पेटी उघडलीच नाही. म्हणाले, तुझ्या त्या मोबाईलवर आधी सा दाखव. काळी १ दाबली तर अ‍ॅप म्हणतं १२ सेंट वर. अख्खी पेटीच १२ सेंट चढी होती! जुन्या पेट्यांमध्ये हे अगदी नॉर्मल आहे. पांढरी ६ ला ४४० हा आंतरराष्ट्रीय ठराव १९३९ चा, त्याआधी फ्रान्समध्ये १८५९ पासून ४३५ चालायचं, आणि इथे दर दुरुस्तीत पेटी थोडी थोडी सरकत जाते ते वेगळंच. जुन्या पेटीला ४४० शी काही देणंघेणं नसतं, तिला स्वतःशी जुळलेलं असावं लागतं. मी एकटा पंचम ४४० च्या हिशोबात लावला म्हणजे बाकीच्या पेटीच्या तो खालीच.

पण मी काही अगदीच बावळट नाही, मी एक पट्टी तपासली होती ना! पांढरी ४ बघितली होती, ती २ सेंट खाली होती, म्हणजे जवळजवळ शून्य, म्हणून मी समजलो पेटी ४४० लाच आहे. इथे खरी गंमत आहे. पांढरी ४ म्हणजे काळी १ चा गंधार, आणि ही पेटी होती गांधार ट्यूनिंगची. म्हणजे असं की अ‍ॅप ज्या हिशोबाने चालतं त्यात सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, आणि गंधार सा पासून ४०० सेंटवर येतो. पण तंबोऱ्यातून जो गंधार ऐकू येतो तो ३८६ वर असतो, १४ सेंट खाली. गाणारा त्याच गंधारावर जातो, म्हणून एकाच पट्टीत वाजवणारे पेटी तशी लावून घेतात. तर या पेटीचा गंधार मुद्दाम १४ ने उतरवलेला आणि अख्खी पेटी १२ ने चढलेली, दोन्ही मिळून अ‍ॅपवर २ खाली. नेमकी तीच पट्टी माझ्या वाट्याला आली.

तंबोऱ्यातला पंचम ७०२ वर, म्हणजे अ‍ॅपच्या ७०० पेक्षा २ वर, त्यात पेटीचे १२, म्हणजे माझा पंचम अ‍ॅपवर १४ वर दिसायला हवा होता. मी ठेवला शून्यावर. काळी ४ ला १४ सेंट म्हणजे सेकंदाला तीनाहून जास्त लाटा, खालच्या खर्जाच्या सुराबरोबर चांगल्या वळवळत होत्या. अण्णांनी डोळे उघडले ते उगाच नाही. (बारा सारख्या तुकड्यांचा हा गंधार पेटीवर पहिल्यापासून आक्षेपाचा आहे, आकाशवाणीवर १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी होती त्यात हाही एक मुद्दा होता.)

तेव्हा पद्धत अशी. पहिल्यांदा सगळ्या पट्ट्या अ‍ॅपवर वाजवून वहीत आकडे लिहा, कशालाही हात न लावता. सा किती वर-खाली आहे ते बघून अ‍ॅपमधला ४४० चा आकडा बदला, आमच्या पेटीला ४४३ ठेवल्यावर सा शून्यावर आला. मग बाकीचे बघा. शुद्ध गंधार १४ खाली, शुद्ध धैवत १६ खाली, शुद्ध निषाद १२ खाली आणि कोमल गंधार, कोमल धैवत वर अशी नक्षी दिसली तर ती गांधार ट्यूनिंगची पेटी आहे, कोणीतरी कष्टाने लावलेली, तिला अ‍ॅपच्या शून्यावर आणून ‘दुरुस्त’ करू नका. अशी पेटी दुसऱ्या पट्टीत गाणाऱ्याला बेसूर लागणार, पण तो बिघाड नाही, ती लावलीच एका सा साठी. सगळ्या पट्ट्या शून्याच्या आसपास असतील तर साधी पेटी, मग अ‍ॅप वापरा खुशाल.

अ‍ॅकॉर्डियनवाल्यांसाठी थोडंसं. तिथे पत्त्या पोलादी असतात, पितळी नाहीत, कळंकाऐवजी गंज. एका प्लेटवर दोन पत्त्या, एक भाता उघडताना वाजते, दुसरी मिटताना, आणि जी वाजत नाही तिच्यावरून हवा जाऊ नये म्हणून दोन्हीकडे चामड्याची पातळ पट्टी असते. उघडताना सूर बरोबर आणि मिटताना बिघडलेला असेल तर कानस ठेवा, ती चामडी पट्टी आखडून वर वळलीय का ते बघा. प्लेट स्क्रूऐवजी मेणाने चिकटवलेल्या असतात, मधमाशीचं मेण आणि राळ, हे मेण जुनं होऊन तडकलं की हवा गळते आणि सूर डळमळतो. आणि काही खटक्यांवर, म्हणजे आवाजाचा प्रकार बदलायच्या बटणांवर, दोन सूर मुद्दाम थोडे वेगळे ठेवलेले असतात, जुन्या हिंदी गाण्यांतल्या अ‍ॅकॉर्डियनची ती थरथर त्यानेच येते, त्या लाटा मिटवायला गेलात तर वाद्याचा जीवच जाईल.

आमचा पंचम नंतर दोन सकाळी बसून वर आणला, टोकाकडून अगदी हलक्या हाताने. फळी बंद करताना आतल्या लाकडावर जुन्या पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं, पुसट झालेलं, नुसतं ‘सा का. १’ एवढं वाचता आलं. आधी दिसलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्याच खाली मी लिहिलं, ‘गांधार, ४४३, पंचम नवा’, आणि तारीख टाकली.